आजारी पोरासाठी त्याने होमरन मारले आणि पोराचं नाव विसरला, पण पोरगा त्याला आयुष्यभर विसरला नाही

गोष्ट आहे १९२६ सालच्या ऑक्टोबर महिन्यातली.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एसेक्स फेल्स नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे जॉनी सिल्व्हेस्टर नावाचा ११ वर्षांचा पोरगा अंथरुणाला खिळून होता. घोड्यावरून पडल्याचं निमित्त झालं आणि दुखणं वाढतच गेलं. पेपरवाल्यांनी तर पोरगा आता जगत नाही, असंच लिहायला सुरुवात केली.

हा जॉनी एका खेळाडूसाठी वेडा होता. त्या खेळाडूचं नाव बेब रूथ.

त्या वेळी अमेरिकेत वर्ल्ड सिरीज सुरू होती. वर्ल्ड सिरीज म्हणजे बेसबॉलची फायनल, पण एका मॅचची नाही, तर सात मॅचची. जी टीम आधी चार मॅच जिंकेल ती चॅम्पियन. एका बाजूला बेब रूथची न्यूयॉर्क यँकीज होती आणि दुसऱ्या बाजूला सेंट लुईस कार्डिनल्स.

पोराच्या हट्टापुढे घरच्यांचा नाइलाज झाला. त्यांनी टीमकडे निरोप धाडला, की पोराला सही केलेला एक बॉल हवाय. थोड्याच दिवसांत विमानाच्या टपालाने दोन बॉल आले. एकावर कार्डिनल्सच्या खेळाडूंच्या सह्या होत्या आणि दुसऱ्यावर यँकीजच्या. यँकीजच्या बॉलवर बेब रूथच्या नावाने एक शब्द दिला होता, की बुधवारच्या मॅचमध्ये जॉनीसाठी एक होमरन मारीन.

होमरन म्हणजे आपल्या भाषेत सिक्सर समजा. बॉल थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला पाहिजे. फरक एवढाच, की क्रिकेटमध्ये एका इनिंगमध्ये दहा सिक्सर बसू शकतात. बेसबॉलमध्ये अख्ख्या मॅचमध्ये एखादा होमरन मारला तरी माणूस हिरो होतो.

बुधवार उजाडला. ६ ऑक्टोबर १९२६. बेब रूथने त्या मॅचमध्ये एक नाही, दोन नाही, तर तीन होमरन मारले. वर्ल्ड सिरीजच्या एका मॅचमध्ये तीन होमरन त्याआधी कुणीच मारले नव्हते.

दुसऱ्या दिवशीपासून पेपरांना भलताच मसाला मिळाला. रूथने होमरन मारले आणि मरायला टेकलेला पोरगा उठून बसला, अशा बातम्या देशभर छापून आल्या. आता होमरनने दुखणं बरं होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण जॉनी खरोखरच बरा होत गेला आणि त्या दिवसापासून या दोघांची नावं एकमेकांना जी चिकटली, ती कायमचीच.

पण एका खेळाडूसाठी अख्खा देश इतका का वेडा झाला होता? आणि एका आजारी पोराचा विषय निघाल्यावर हा माणूस का विरघळायचा?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

बेब रूथचं खरं नाव जॉर्ज हर्मन रूथ. जन्म ६ फेब्रुवारी १८९५, गाव बाल्टिमोर. बंदराचं गाव, गोदीतले हमाल, खलाशी, गाडीवान यांची वस्ती. वडील दारूचा गुत्ता चालवायचे. आई कायम आजारी. या दाम्पत्याला आठ मुलं झाली, त्यातली फक्त दोन जगली. एक जॉर्ज आणि दुसरी त्याची बहीण मेमी.

आई-वडील दिवसरात्र गुत्त्यात अडकलेले. पोरगं गल्लीत मोकाट सुटलं. शाळेला दांडी मारायची, दुकानातून वस्तू लांबवायच्या, गाडीवानांवर दगड आणि टोमॅटो फेकायचे, मोठ्या माणसांच्या ग्लासात उरलेली दारू प्यायची आणि तंबाखू चघळायची. वय वर्षं फक्त सात.

शेवटी आई-वडिलांनी हात टेकले. १३ जून १९०२ रोजी त्याला सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूलमध्ये सोडून आले. ही शाळा नावाला. अनाथ मुलं, गरिबांची मुलं आणि वाया गेलेली मुलं यांना ठेवायची ती जागा होती. कॅथलिक ब्रदर लोक ती चालवायचे. आत शेकडो मुलं, भोवती भिंत, दिवसभर घंटेवर चालणारी शिस्त. मुलांना धंदाशिक्षण दिलं जायचं. जॉर्जला शर्ट शिवायचं काम शिकवलं गेलं.

मधूनमधून तो घरी यायचा, पुन्हा परत पाठवला जायचा. त्याच्या आयुष्याची बारा वर्षं अशीच गेली. बाकीच्या मुलांना रविवारी भेटायला कुणी ना कुणी यायचं. याला भेटायला क्वचितच कुणी आलं. तो १७ वर्षांचा असताना आई वारली.

पण त्या भिंतीच्या आत त्याला एक माणूस भेटला. ब्रदर मथायस.

साडेसहा फुटांचा धिप्पाड माणूस. आवाज मात्र कधी चढवायचा नाही. शिस्त राखायचं काम त्याच्याकडे होतं, पण त्याला या दांडगट पोरामध्ये काहीतरी दिसलं. दुपारी तो मुलांना मैदानावर न्यायचा, एका हाताने बॅट धरून बॉल उंच उंच मारायचा आणि मुलं ते कॅच करायला धावायची. जॉर्ज ते बघतच राहायचा. बॅट धरायची ढब, धावायची छोट्या पावलांची पद्धत, सगळं त्याने त्या ब्रदरचं बघून उचललं. पुढे आयुष्यभर तो सांगत राहिला, की मला भेटलेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे ब्रदर मथायस.

जॉर्ज डावखुरा. शाळेत डावखुऱ्यांसाठी ग्लोव्ह नव्हता. मग तो उजव्या हाताच्या मुलांचा ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा, बॉल पकडायचा, ग्लोव्ह काढून टाकायचा आणि त्याच डाव्या हाताने बॉल फेकायचा. असं करत करत तो शाळेचा सगळ्यात भारी पिचर झाला. पिचर म्हणजे बेसबॉलमधला बॉलर.

१९१४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर ओरिओल्स या टीमचा मालक जॅक डन त्याला बघायला आला आणि वर्षाला ६०० डॉलर देऊन त्याला सही करून घेतलं. पोरगा अजून कायद्याने सज्ञान नव्हता. त्यामुळे शाळेतून सोडवून आणायला डनला त्याचा कायदेशीर पालक व्हावं लागलं. टीममधले जुने खेळाडू म्हणायला लागले, की हे बघा डनचं नवीन बाळ. बाळ म्हणजे बेब. हे नाव त्याला कायमचं चिकटलं.

१९ वर्षांचा हा पोरगा पहिल्यांदा ट्रेनमध्ये बसला. पहिल्यांदा हॉटेलात राहिला. तिथल्या लिफ्टचं त्याला इतकं अप्रूप वाटलं, की तो नुसता खालीवर फिरत राहिला. टीमच्या खर्चाने पोटभर खायला मिळतं म्हटल्यावर नाश्त्याला ताटांवर ताटं रिकामी करायला लागला. बारा वर्षं भिंतीआड काढलेल्या माणसाला जग एकदम उघडं सापडलं होतं.

पाच महिन्यांत डनला पैशाची चणचण भासली आणि त्याने बेबला बोस्टन रेड सॉक्सला विकून टाकलं. बोस्टनमध्ये कॉफी शॉपात काम करणाऱ्या हेलन वुडफोर्डशी त्याने त्याच वर्षी लग्न केलं.

बोस्टनमध्ये तो पिचर म्हणून गाजला. १९१६ साली २३ मॅच जिंकून दिल्या, १९१७ साली २४. वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने सलग २९ इनिंगहून जास्त काळ समोरच्या टीमला एकही रन करू दिला नाही. तो रेकॉर्ड तुटायला १९६१ साल उजाडावं लागलं. त्याच्या काळात रेड सॉक्सने १९१५, १९१६ आणि १९१८ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या.

पण या पिचरला बॅटिंगची खाज होती.

तेव्हाचं बेसबॉल आजच्यासारखं नव्हतं. बॉल मळून, मऊ होऊन जाईपर्यंत तोच वापरायचे. पिचर बॉलला थुंकी लावायचे. त्यामुळे बॅट्समन बॉल हळूच ढकलायचे आणि एकेक बेस चोरत पुढे जायचे. होमरन म्हणजे वर्षातून चार-पाच वेळा लागणारी लॉटरी. बेब मात्र बॅट खाली टोकाला धरून अंगातली सगळी ताकद लावून फिरवायचा. लागला तर कुंपणापार, नाही लागला तर स्वतःभोवती गिरकी. १९१९ साली त्याने २९ होमरन मारले. एका सीझनमध्ये तेवढे त्याआधी कुणीही मारले नव्हते.

आणि नेमकं त्याच वर्षी बोस्टनच्या मालकाने त्याला विकलं.

हॅरी फ्रेझी हा रेड सॉक्सचा मालक. त्याचा मूळ धंदा नाटकांचा. पैशाची गरज होती आणि बेब पगार वाढवून मागत होता. फ्रेझीने त्याला न्यूयॉर्क यँकीजला एक लाख डॉलरला विकला. वर यँकीजच्या मालकाकडून तीन लाख डॉलरचं कर्ज घेतलं, बोस्टनचं मैदान गहाण ठेवून. जानेवारी १९२० मध्ये ही बातमी फुटली. त्यानंतर रेड सॉक्सला पुढची वर्ल्ड सिरीज जिंकायला २००४ साल उजाडलं. बोस्टनची माणसं हा बेबचा शाप आहे असं मानत आली.

न्यूयॉर्कला गेल्यावर बेबने पिचिंग जवळपास सोडलं आणि बॅट हातात घेतली. पहिल्याच वर्षी ५४ होमरन. त्या वर्षी त्याच्या लीगमधल्या इतर कुठल्याही टीमला सगळे खेळाडू मिळून तेवढे होमरन मारता आले नाहीत. पुढच्या वर्षी ५९.

इथे टायमिंग लक्षात घ्या. १९१९ ची वर्ल्ड सिरीज फिक्स झाली होती. शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी पैसे खाऊन मॅच हरल्याचं १९२० च्या सप्टेंबरमध्ये उघड झालं. पुढच्या वर्षी आठ खेळाडूंवर आजन्म बंदी आली. आपल्याकडे २००० साली मॅच फिक्सिंगचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा लोकांना काय वाटलं होतं ते आठवा. तसाच विश्वास तिथेही उडाला होता. अशा वेळी लोकांना एक माणूस दिसत होता, जो बॉल आभाळात भिरकावत होता. त्यात कसली सेटिंग आणि कसलं काय? लोक पुन्हा मैदानाकडे वळले. १९२० साली यँकीजच्या घरच्या मॅचना १२ लाखांहून जास्त माणसं आली. एका सीझनमध्ये दहा लाखांचा आकडा त्याआधी कुठल्याच टीमने गाठला नव्हता.

यँकीज तेव्हा दुसऱ्या टीमच्या मैदानावर भाड्याने खेळायचे. गर्दी बघून त्यांनी स्वतःचं स्टेडियम बांधलं. १८ एप्रिल १९२३ रोजी यँकी स्टेडियम सुरू झालं आणि पहिल्याच मॅचमध्ये बेबने होमरन मारला. त्याच वर्षी यँकीजने आयुष्यातली पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. पेपरवाले त्या स्टेडियमला बेबने बांधलेलं घर म्हणायला लागले.

मैदानाबाहेर मात्र सगळा आनंदच होता.

खाणं राक्षसासारखं, पिणं त्याहून जास्त. अमेरिकेत दारूबंदी होती, पण बेबला तिचा पत्ताच नसावा. रात्रभर बाहेर, गाड्या भरधाव, पैसा हातातून पाण्यासारखा. १९२२ साली नियम मोडून प्रदर्शनी मॅच खेळला म्हणून सीझनच्या सुरुवातीला निलंबित झाला. १९२५ साली दौऱ्यावर असताना कोसळला, ऑपरेशन झालं. त्याच वर्षी मॅनेजर मिलर हगिन्सशी उर्मटपणा केला म्हणून ५ हजार डॉलर दंड बसला. तो तेव्हाचा फार मोठा दंड होता. हेलनशी संसार कधीचाच विस्कटला होता. दोघं वेगळे राहायला लागले. १९२९ च्या जानेवारीत हेलन राहत होती त्या घराला आग लागली आणि त्यात ती गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेबने क्लेअर हॉजसनशी लग्न केलं. क्लेअर कडक होती. त्याचं खाणं, पिणं, पैसा या सगळ्याला तिने वेसण घातली.

नवरा म्हणून, खेळाडू म्हणून त्याच्याबद्दल तक्रारी करणारे पुष्कळ होते. पण लहान मुलांच्या बाबतीत त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडायचा नाही.

तो दौऱ्यावर गेला, की हॉस्पिटल आणि अनाथाश्रम शोधायचा. कित्येक वेळा कुणाला न सांगता जायचा. मैदानाबाहेर पोरांचा गराडा पडला, की तासन्‌तास सह्या देत उभा राहायचा. सेंट मेरीज शाळा आगीत जळाली तेव्हा त्याने शाळेच्या मुलांचा बँड यँकीजबरोबर गावोगाव फिरवला आणि शाळेसाठी पैसे उभे केले. ब्रदर मथायसला त्याने कॅडिलॅक गाडी भेट दिली. ती अपघातात गेली, तर दुसरी दिली. लहानपणी रविवारी ज्याची वाट बघण्यात दिवस गेला, ते दुसऱ्या पोरांच्या वाट्याला येऊ नये, असाच त्याचा हिशोब असावा.

म्हणूनच १९२६ साली जॉनीचा निरोप त्याच्यापर्यंत पोचला तेव्हा त्याने मान डोलावली.

त्या सिरीजचा शेवट मात्र वाईट झाला. सातव्या मॅचमध्ये यँकीज एका रनने मागे होते. बेब पहिल्या बेसवर उभा होता. त्याने दुसरा बेस चोरायचा प्रयत्न केला आणि आउट झाला. त्याच्या चुकीवर वर्ल्ड सिरीज संपली. यँकीज हरले.

दुसऱ्या माणसाने तोंड लपवलं असतं. बेब दुसऱ्या दिवशी एसेक्स फेल्सला जॉनीच्या घरी हजर झाला. अंथरुणावरच्या पोराला आपला देव साक्षात दारात दिसला.

आता या गोष्टीचा दुसरा भागही ऐका. पुढच्या वर्षी एक गृहस्थ बेबला भेटले. जॉनीचे नातेवाईक म्हणून त्यांनी बेबचे आभार मानले. बेबने पोराची आपुलकीने चौकशी केली, निरोप द्यायला सांगितला. गृहस्थ गेल्यावर त्याने शेजारच्या माणसाला विचारलं, की हा जॉनी सिल्व्हेस्टर कोण बुवा? त्या काळच्या पत्रकारांनी हा किस्सा लिहून ठेवलाय.

यात बेबचा खोटेपणा नव्हता. त्याला नावंच लक्षात राहायची नाहीत. वर्षानुवर्षं बरोबर खेळलेल्या खेळाडूंनासुद्धा तो पोरा म्हणून हाक मारायचा. आणि जॉनीसारखी किती पोरं त्याच्या आयुष्यात येऊन गेली, याची मोजदाद कुणी ठेवली होती? पण फॅन असण्याचा नियमच हा आहे. आपल्याला तो दिवस तारखेसकट पाठ असतो, समोरच्यासाठी तो हजारातला एक दिवस असतो.

१९२७ साली बेबने ६० होमरन मारले. जोडीला लू गेरिग होता, त्याचे ४७. त्या वर्षीची यँकीज टीम आजही बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वोत्तम टीमपैकी एक मानतात. १९३० साली बेबचा पगार ८० हजार डॉलर झाला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांना ७५ हजार मिळायचे. मंदीचे दिवस होते, तरी लोकांना त्याचा राग आला नाही.

१ ऑक्टोबर १९३२ ला शिकागोत वर्ल्ड सिरीजची मॅच होती. समोरच्या टीमचे खेळाडू त्याला शिव्या देत होते. बेबने हात वर करून बोट दाखवलं आणि पुढचाच बॉल मैदानाच्या मधल्या भागातून थेट प्रेक्षकांत भिरकावला. त्याने कुंपणाकडे बोट दाखवून होमरन सांगून मारला, की पिचरला काही खुणावत होता, यावर आजही वाद आहे. त्या मॅचमधली त्याची जर्सी २०२४ साली लिलावात दोन कोटी चाळीस लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली.

त्याच वर्षी न्यूयॉर्कला आणखी एक भेट झाली होती. ऑस्ट्रेलियाचा डॉन ब्रॅडमन दौऱ्यावर असताना यँकी स्टेडियममध्ये आला आणि बेबशेजारी बसून बेसबॉल बघून गेला. एक क्वचितच सिक्सर मारून ढिगाने रन काढणारा माणूस आणि एक फक्त सिक्सरसाठीच जगणारा माणूस. पुढे १९३५ साली लंडनमध्ये बेबने स्वतः क्रिकेटची बॅट हातात घेऊन नेटमध्ये हात साफ करून घेतला होता.

१९३४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेची टीम जपानला गेली. पासपोर्ट काढताना बेबला पहिल्यांदा कळलं, की आपण समजत होतो त्याहून आपण एक वर्षाने लहान आहोत. एवढी वर्षं तो आपलं जन्मसाल १८९४ समजत होता. घरात वाढदिवस सांगणारंच कुणी नव्हतं, तर कळणार कसं?

टोकियोच्या गिंझा भागात त्याला बघायला लाखो लोक रस्त्यावर उतरले. दौऱ्यातल्या १८ मॅचमध्ये बेबने १३ होमरन मारले. या दौऱ्यानंतर जपानमध्ये व्यावसायिक बेसबॉल उभं राहिलं. पण सात वर्षांनी त्याच जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्या दिवशी बेबने जपानहून आणलेल्या भेटवस्तू रागाने खिडकीबाहेर फेकून दिल्या, अशी आठवण त्याची मुलगी ज्युलिया सांगायची.

वय झालं, पोट सुटलं, पाय थकले. बेबला आता एकच इच्छा होती, यँकीजचा मॅनेजर व्हायचं. मालक जेकब रुपर्टने त्याला छोट्या लीगमधली टीम देऊ केली. बेबला तो अपमान वाटला. ज्याला स्वतःला सांभाळता येत नाही तो टीम काय सांभाळणार, अशी मालकांच्यात कुजबुज होती. १९३५ साली तो बोस्टन ब्रेव्ह्ज टीमकडे गेला. २५ मे रोजी पिट्सबर्गमध्ये त्याने एकाच मॅचमध्ये तीन होमरन मारले. त्यातला शेवटचा त्याचा ७१४ वा. आठवडाभरात त्याने खेळ सोडला.

त्यानंतर तो फोनची वाट बघत राहिला. एखादी टीम मॅनेजर म्हणून बोलावेल या आशेवर वर्षं गेली. १९३६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिले पाच खेळाडू निवडले, त्यात तो होता. १९३८ साली ब्रुकलिन डॉजर्सने त्याला कोच म्हणून घेतलं, पण मुख्यतः गर्दी खेचायला. मॅनेजरची खुर्ची त्याला शेवटपर्यंत कुणीच दिली नाही. ज्याच्या जिवावर सगळ्यांचे मळे फुलले, त्याला ते दार बंदच राहिलं.

१९४६ च्या शेवटी डोकेदुखी सुरू झाली, गिळता येईना. नाकामागच्या भागात, घशाच्या वरच्या बाजूला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. तेव्हा प्रयोगात असलेलं एक नवीन औषधही त्याच्यावर वापरून बघितलं गेलं. थोडे महिने उतार पडला. पण धिप्पाड देहाचा सापळा झाला आणि गडगडाटी आवाजाची खरखर उरली. २७ एप्रिल १९४७ ला सगळ्या मैदानांवर बेब रूथ दिवस साजरा झाला. यँकी स्टेडियममध्ये जमलेल्या सुमारे ५८ हजार लोकांसमोर तो त्या फाटक्या आवाजात बोलला. बोलला तेही मुलांच्या खेळाबद्दलच.

त्याच वर्षी मॅनहॅटनमधल्या त्याच्या घरी एक पाहुणा आला.

तिशी ओलांडलेला माणूस. प्रिन्स्टन विद्यापीठातून शिकलेला, दुसऱ्या महायुद्धात नौदलात नोकरी करून आलेला. सोबत त्याने एक जुना बॉल आणला होता. सह्या पुसट झाल्या होत्या, पण बुधवारच्या मॅचचा तो शब्द त्याच्यावर होता.

तो जॉनी सिल्व्हेस्टर होता.

२१ वर्षांपूर्वी अंथरुणावर पोरगा होता आणि भेटायला बेब आला होता. आता आजारी बेब होता आणि भेटायला पोरगा आला होता. ज्याचं नाव बेबच्या लक्षातही राहिलं नव्हतं, त्याने तो बॉल एवढी वर्षं जपला होता.

१३ जून १९४८ ला यँकी स्टेडियमची पंचविशी साजरी झाली. बेबचा ३ नंबर कायमचा निवृत्त केला. जुना युनिफॉर्म अंगावर लोंबत होता. तो बॅटचा काठीसारखा आधार घेऊन उभा राहिला. नॅट फाइन नावाच्या फोटोग्राफरने त्याचा पाठमोरा फोटो काढला. चेहरा दिसत नाही, फक्त पाठीवरचा ३ आणि झुकलेले खांदे. त्या फोटोला पुलित्झर पुरस्कार मिळाला.

१६ ऑगस्ट १९४८ ला बेब रूथ गेला. वय फक्त ५३. त्याचा देह यँकी स्टेडियममध्ये दर्शनासाठी ठेवला. दोन दिवस रांग हटत नव्हती. हजारो माणसं आली. बापांनी लहान पोरांना खांद्यावर घेऊन त्याचं दर्शन घडवलं. त्यातल्या बहुतेक पोरांनी त्याला कधी खेळताना बघितलंही नव्हतं. त्याच्या संपत्तीतला एक भाग गरीब मुलांसाठी काढलेल्या फाउंडेशनला गेला.

या प्रेमाची एक काळी बाजूही होती. १९६१ साली रॉजर मॅरिसने ६१ होमरन मारले, तेव्हा बेबचा रेकॉर्ड मोडला म्हणून लोकांनी त्याला सुखाने जगू दिलं नाही. हँक एरन हा कृष्णवर्णीय खेळाडू ७१४ च्या जवळ आला, तेव्हा त्याला वर्षभरात लाखो पत्रं आली. त्यात प्रोत्साहन देणारी होती, तशाच वर्णद्वेषी शिव्या आणि ठार मारायच्या धमक्याही होत्या. ८ एप्रिल १९७४ ला एरनने ७१५ वा होमरन मारला. देव मानलेल्या माणसासाठी दुसऱ्या माणसाचा जीव नकोसा करणारे फॅन आपल्यालाही अनोळखी नाहीत. पण ज्याच्या नावाने ते हे करत होते, तो स्वतः वाया गेलेली पोरं ठेवायच्या शाळेतून आला होता, हे ते सोयीने विसरले.

बेबचे आकडे मागे पडले, पण तुलना अजून त्याच्याशीच होते. २०२२ साली जपानच्या शोहेई ओहतानीने एकाच सीझनमध्ये पिचर म्हणून १० विजय आणि बॅट्समन म्हणून १० होमरन असा पराक्रम केला. त्या दोन्ही गोष्टी मेजर लीगमध्ये एकत्र करणाऱ्या आधीच्या मोजक्या खेळाडूंपैकी एक होता १९१८ सालचा बेब रूथ.

जॉनी सिल्व्हेस्टर पुढे एका कंपनीचा प्रमुख झाला. मरायला टेकलेला तो पोरगा तब्बल ७४ वर्षं जगला. १९९० च्या जानेवारीत तो गेला तेव्हा अमेरिकेतल्या पेपरांनी त्याच्या निधनाची बातमी दिली. कंपनी, नौदल, प्रिन्स्टन हे सगळं बातमीत खाली होतं. वर एकच ओळख होती, ज्याच्यासाठी बेब रूथने होमरन मारले तो मुलगा.

न्यूयॉर्कजवळ हॉथॉर्न गावातल्या कबरस्तानात बेबची कबर आहे. तिथे आजही फॅन येतात आणि बेसबॉल, बॅट, टोप्या ठेवून जातात. लहानपणी ज्याला भेटायला रविवारी कुणी यायचं नाही, त्याच्याकडे आता बारा महिने माणसं येत असतात.